तिसरीचं जिल्ह्याचं पुस्तक

महाराष्ट्रात नवा जिल्हा झाला की कलेक्टर कचेरी येते, एसपी ऑफिस येतं, झेडपीची इमारत उभी राहते. त्यांच्या जोडीनं आणखी एक वस्तू नव्यानं करावी लागते, पण तिची बातमी कुणी छापत नाही. ती म्हणजे तिसरीचं पुस्तक. १९८१ साली सिंधुदुर्ग आणि जालना, पुढच्या वर्षी लातूर आणि गडचिरोली, १९९० ला मुंबई उपनगर, १९९८ ला नंदुरबार-वाशीम, १९९९ ला हिंगोली-गोंदिया, २०१४ ला पालघर. राज्य झालं तेव्हा २६ जिल्हे होते, आता ३६ आहेत. बाकीच्या इयत्तांचं पुस्तक गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत एकच. तिसरीचं मात्र जिल्ह्यागणिक वेगळं.

मी भूगोल शिकवला तो सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात, आठवी ते दहावीला. तिसरीशी माझा कामाचा संबंध काहीच नव्हता. तरी माझ्या टेबलाच्या खणात तिसरीचं सांगली जिल्ह्याचं पुस्तक कायम असे. भूगोलाची जी काही पुस्तकं, नकाशासंग्रह, तक्ते आणि मार्गदर्शकं हाताखालून गेली, त्यांत मुलांच्या सर्वांत जास्त उपयोगाचं पुस्तक हेच, असं माझं मत आहे. सहकारी हसायचे. हसू देत.

ती प्रत मला एका विद्यार्थिनीच्या घरून मिळाली होती. पातळसं पुस्तक, मधोमध पिना मारलेल्या, त्यातली एक गंजून पानाला तांबडा डाग पडलेला. आमच्याकडं पुस्तकं निम्म्या किमतीत एकाकडून दुसऱ्याकडं जात, त्यामुळं पहिल्या पानावर तीन नावं होती, दोन खोडलेली. नकाशात आठ तालुके आठ रंगांत: मिरज, तासगाव, खानापूर, आटपाडी, जत, कवठे महांकाळ, वाळवा, शिराळा. (पलूस आणि कडेगाव नंतर आले.) खानापूर तालुक्याच्या पोटात, छापील ठिपक्याच्या जरा खाली, बॉलपेननं एक फुली मारलेली होती. एवढी दाबून, की मागच्या पानावर उठाव आला होता. आमचं गाव नकाशात छापलेलं नव्हतं. तिघांपैकी कुणीतरी ते घातलं होतं, आणि जवळपास बरोबर जागी! नववी-दहावीतली मुलं भारताच्या आराखड्यात विशाखापट्टणम ओडिशात दाखवतात. आठ वर्षांच्या पोरानं मारलेली ही फुली मी दर वर्षी वर्गात फिरवायची.

मराठीत भूगोलाची पुस्तकं निघायला लागली ती मात्र अगदी उलट्या टोकानं. १८२० नंतर मुंबईत सरकारी पाठबळावर शाळा आणि शाळेची पुस्तकं यांचं काम सुरू झालं, आणि १८३० च्या दशकात बाळशास्त्री जांभेकरांनी भूगोलावर लिहिलं. तेव्हा वाद नदी-नाल्यांचा नव्हता, पृथ्वी गोल की सपाट हा होता. भोपाळजवळच्या सिहोरला लॅन्सलॉट विल्किन्सन नावाचा इंग्रज अधिकारी होता. त्याच्याकडच्या पाठशाळेतल्या सुबाजी बापूंनी १८३६ साली ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हे पुस्तक लिहिलं, आणि ते मराठीत. त्यांची युक्ती मला फार आवडते. मेरू पर्वत आणि सात समुद्रांची पौराणिक पृथ्वी खोडायला त्यांनी साहेबाचा दाखला आधी काढला नाही. भास्कराचार्यांचा काढला. आपल्याच ज्योतिषानं पृथ्वी गोल मानलेली आहे, हे एकदा कबूल करून घेतलं की कोपर्निकसपर्यंत जायला पायरी तयार. शिकणाऱ्याला जे ठाऊक आहे तिथून सुरुवात करायची, हे सूत्र शिक्षणशास्त्राच्या पदव्या निघण्याआधी या शास्त्रीबुवांना कळलेलं होतं.

पण शाळेत उतरला तो भूगोल पाठांतराचाच. खंडं, महासागर, राजधान्या, आगगाडीची स्टेशनं. जिल्ह्याचा भूगोल इंग्रजी अमदानीतल्या मराठी शाळांतही होता, पण त्याचा मूळ झरा दुसरीकडं होता. मुंबई इलाख्याचं गॅझेटियर निघालं, त्यातला सातारा जिल्ह्याचा खंड १८८५ चा. आमचा भाग तेव्हा साताऱ्यातच होता. जमिनीचे प्रकार, विहिरी, पिकं, बाजार, जाती, दुष्काळ, सगळं त्यात आहे. ते लिहिलं कुणासाठी? सारा गोळा करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी, इंग्रजीत. ज्याच्या शेताचं वर्णन त्यात होतं, त्याच्या पोराच्या वाट्याला त्यातल्या नावांची यादी आली.

हे दुखणं जोतीराव फुल्यांनी त्याच सुमारास नेमकं ओळखलं होतं. १८८२ साली हंटर आयोगापुढं दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावं ते सांगितलं: मोडी-बाळबोध, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण आणि त्यांच्या जोडीला शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. चालू पाठ्यपुस्तकं उपयोगाची नाहीत, ती नव्यानं करायला हवीत, हेही त्यांनी सुनावलं. ऐकलं कुणी? पुढं १९३७ ला वर्ध्याच्या परिषदेतून नयी तालीम निघाली. कापसावरून काळी माती, काळ्या मातीवरून पाऊस, असं हातातल्या कामातून शिकवायचा विचार होता. शाळांपर्यंत पोचेस्तोवर सूतकताईचा एक तास आणि भूगोलाचा दुसरा तास झाला, टकळी राहिली आणि विचार गेला. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या आदिवासी पोरांसाठी कुरणशाळा चालवली, म्हणजे शाळाच कुरणात नेली. तिथं परिसर वेगळा शिकवायची गरजच नव्हती. पण तसं करणारी माणसं थोडी.

माझे वडील प्राथमिक शिक्षक. त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीला जिल्ह्याचं नाव दक्षिण सातारा होतं. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ ला सातारा फुटला आणि हा जिल्हा झाला. सांगली हे नाव १९६० चं. तेव्हा पुस्तकं खासगी प्रकाशकांची असत, खात्यानं मंजूर केलेली. या शाळेत एक, पलीकडच्या शाळेत दुसरं. बदली झाली की मास्तरांचं पुस्तकही बदलायचं. २७ जानेवारी १९६७ ला बालभारती स्थापन झाली आणि हा गोंधळ मिटला. स्वस्त, एकसारखं, जूनमध्ये हातात पडणारं पुस्तक ही साधी गोष्ट नाही. बालभारतीला नावं ठेवणाऱ्यांनी त्याआधीची पुस्तकं एकदा पाहावीत. एकाच साच्याच्या या कारभारातही तिसरीचा जिल्हा वेगळा ठेवण्याची बुद्धी ज्यांना झाली, त्यांना माझा नमस्कार. तिसरीला जिल्हा, चौथीला महाराष्ट्र, मग भारत आणि जग, अशी अंगणापासून वेशीपलीकडं नेणारी ती वाट होती.

अडचण अशी की या वाटेवर मूल एकदा वेशीबाहेर पडलं की परत गावात येत नाही. आठ वर्षांचं असताना त्यानं येरळा नदीचं नाव ऐकलेलं असतं. पाणी, माती, वाळू यांचं राजकारण कळण्याचं वय होतं तेव्हा त्याच्यापुढं ब्राझील असतो. हे मी उगाच म्हणत नाही. दहावीचं २०१८ चं भूगोलाचं पुस्तक भारत आणि ब्राझील यांची तुलना करत जातं. पुस्तक म्हणून ते चांगलं आहे, रटाळ पाठांतर त्यानं बरंच कमी केलं. पहिला धडाच क्षेत्रभेटीचा, नळदुर्ग ते अलिबाग असा. पठारावरून घाट उतरून कोकणात जाताना जमीन, पिकं, घरं कशी बदलतात ते त्यात नीट येतं. किती शाळांनी खरोखर क्षेत्रभेट काढली, ते मात्र कुणी विचारू नये.

येरळेचं सांगते. खटाव भागातून निघून ती आमच्या तालुक्यातून तासगावकडं जाते आणि पुढं कृष्णेला मिळते. वर्षातले बरेच महिने कोरडी. कोरड्या नदीचीही किंमत असते, कारण वाळू पाणी पोटात धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना ते पुरवते. ठेकेदारांनी वाळू उपसायला घेतली तसं पावसाचं पाणी आलं तसं वाहून जायला लागलं, विहिरी आटल्या. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून गावी परतलेले कामगार आणि दुष्काळानं गांजलेले शेतकरी एकत्र आले, मुक्ती संघर्षाची चळवळ उभी राहिली. बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी लिलावाला विरोध केला. मग बेतानं थोडी वाळू आपणच विकून त्या पैशातून आणि श्रमदानातून येरळेवर बळीराजा स्मृती धरण बांधलं. पाणी वाटायचा नियम असा, की प्रत्येक कुटुंबाला सारखा वाटा, भूमिहीनालासुद्धा. आणि ते उसाला द्यायचं नाही.

नदीचं शास्त्र, वाळूचा बाजार, स्थलांतर, पीकपद्धती, समन्याय, एवढं सगळं असलेला धडा जगातल्या कुठल्या पुस्तकात आहे ते मला दाखवा. आमच्या मुलांच्या पुस्तकात तो नव्हता. मी माझा जोडायची. त्याला तासिका नव्हती, म्हणून दहावीची उजळणी चालू असताना ‘नद्या’ या सदराखाली घुसवायची. परीक्षेला नाही ना, बाई? हा प्रश्न दर वर्षी यायचा.

पर्यावरण मग स्वतंत्र विषय होऊन आलं. त्यामागं एम. सी. मेहता यांच्या याचिकेवरचा सर्वोच्च न्यायालयाचा २२ नोव्हेंबर १९९१ चा निकाल आहे. शाळा-कॉलेजांत पर्यावरण सक्तीचं करा, आकाशवाणी-दूरदर्शननं कार्यक्रम करावेत, थिएटरात सिनेमाआधी पर्यावरणाच्या स्लाइड दाखवा, असं न्यायालयानं सांगितलं होतं. अंमलबजावणीला वेळ लागला, २००३ नंतर गाडी हलली. हेतूबद्दल शंका नाही. पण शाळेत वेगळा विषय आला म्हणजे वेगळी वही, वेगळे गुण आणि वेगळा प्रकल्प. तो प्रकल्प आमच्या तालुक्याच्या गावी स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळायचा: जलप्रदूषण, वायुप्रदूषण, ओझोन, चित्रं चिकटवलेली, नावाची जागा मोकळी. ओझोनच्या प्रकल्पाला दहापैकी नऊ मिळवणाऱ्या पोरांना आपल्या विहिरीला पाणी किती फुटांवर लागतं ते सांगता यायचं नाही. अलीकडं जलसुरक्षा हा विषयही आला. विषय उत्तमच. पण गावाबाहेर छापलेल्या पुस्तकातून गावची जलसुरक्षा कशी शिकवायची?

भूगोलाची पत काय आहे तेही एकदा लख्ख दिसलं. मार्च २०२० मध्ये दहावीचा शेवटचा पेपर राहिला होता, चाळीस गुणांचा भूगोल. टाळेबंदी आली, पेपर आधी पुढं ढकलला, मग रद्द झाला आणि बाकीच्या विषयांवरून सरासरी गुण दिले गेले. निकाल लागला, अकरावीचे प्रवेश झाले. कुणाचं काही अडलं नाही.

महाग साधनं मला मिळाली नाहीत आणि त्यांची मला फारशी हळहळही नाही. भिंतीवरचा कापडी पाठीचा नकाशा, एक पोचे आलेला पृथ्वीगोल, आणि मुलांचे आराखडे. समुद्र रंगवायला निळ्या पेन्सिलीचं शिसं पात्यानं खरवडून कापसाच्या बोळ्यानं पसरायचं, काठाला गडद, आत फिकट. एवढ्यावर भूगोल होतो. हळदीची बाजारपेठ शिकवताना हरिपूरची पेवं सांगायची: नदीकाठच्या घट्ट मातीत खणलेली, हळद वर्षानुवर्षं टिकवणारी, आणि २००५ च्या महापुरात पाणी शिरून वाया गेलेली. महापूर का आला, काठाला काय बांधलं, ही चर्चा मग आपोआप होते. त्याला ना प्रोजेक्टर लागतो ना इंटरनेट. लागतं ते इथलं ज्ञान, नीट लिहिलेलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की तिसरीला जे केलं ते नववीला परत करा. प्रत्येक जिल्ह्याचं, जमलं तर तालुक्याचं, मोठ्या मुलांसाठी पुस्तक काढा आणि ते त्या तालुक्यातल्या भूगोलाच्या शिक्षकांकडून लिहून घ्या. त्यात धरणाची उंची असू दे, पण पाणी कुणाला मिळालं आणि कुणाला नाही, हेही असू दे. प्राध्यापक सी. डी. देशपांडे यांचा जन्मदिवस, १४ जानेवारी, आपल्याकडं भूगोल दिन म्हणून पाळतात. रांगोळीचे नकाशे आणि भाषणं होतात. त्याऐवजी त्या दिवशी प्रत्येक शाळेनं आपल्या गावच्या विहिरींची एक यादी केली, तरी पुस्तकाचं पहिलं पान तयार होईल. आणि वाचकहो, तुमच्या माळ्यावर तिसरीचं आपल्या जिल्ह्याचं जुनं पुस्तक सापडलं तर ते रद्दीत घालू नका. जवळच्या शाळेला नेऊन द्या.