तळटीप : ‘एडनचा व्यापारी’

* ‘एडनचा व्यापारी’ : हा उल्लेख आर्थर रँबो (१८५४–१८९१) या फ्रेंच कवीचा. ‘नरकातील एक ऋतू’ या अर्थाच्या नावाचे त्याचे पुस्तक १८७३ साली ब्रसेल्समध्ये छापले गेले, तेव्हा तो जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. १८८० मध्ये तो एडनला पोहोचला आणि बार्दे यांच्या पेढीत नोकरीला लागला. पुढे हरार येथे कॉफी, कातडी, हस्तिदंत यांचा व्यापार त्याने सांभाळला. शोआचा राजा मेनेलिक याला बंदुका विकण्याच्या व्यवहारात मात्र त्याच्या हाती फारसे काही लागले नाही. बालमित्र देलाए याने १८७९ मध्ये साहित्याचा विषय काढला, तेव्हा त्याने तो उडवून लावला. मित्रांच्या लेखी तो कवीच राहिला. त्याच्या कविता कवी व्हर्लेनने पॅरिसमध्ये प्रसिद्धीस आणल्या. व्यापाराने कवीचा घास घेतला, असा सूर प्रस्तुत लेखकानेही लावला आहे. तो कालक्रमाला धरून नाही : रँबोचे काव्यलेखन एडनला जाण्याच्या काही वर्षे आधीच थांबले होते. — संपा.