नोना बोकरा

परवा घराच्या भिंतीला लोणा लागलेला दिसला आणि मला एकदम भाताची एक जात आठवली. हसू नका, सांगतो.

बंगालच्या सुंदरबनात 'नोना बोकरा' नावाची भाताची जुनी जात आहे. नोना म्हणजे खारट, आपला लोणाच तो. तिथे बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरणारच. त्यातूनही तगलेल्या रोपांचं बी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या राखत आले.

ही जात तगते कशी? २००५ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी तिचा जपानी कोशिहिकारी भाताशी संकर करून त्यामागचं एक जनुक शोधलं. मीठ पाण्याबरोबर मुळांत शिरतंच. पण या जनुकापासून बनणारं प्रथिन वर चढणाऱ्या पाण्यातलं सोडियम वाटेतच काढून घेतं, त्यामुळे पानांपर्यंत ते कमी पोचतं. आमच्या भाषेत फायरवॉलच की! हे प्रथिन कोशिहिकारीतही असतं. फरक फक्त चार अमिनो आम्लांचा.

पुढे चारच वर्षांनी, २५ मे २००९ ला, आयला वादळ आलं. बांध फुटले, शेतं खारावली. हरितक्रांतीनंतर आलेल्या जास्त उत्पन्नाच्या जाती तिथे टिकेनात. मग जुन्या बियाण्याची शोधाशोध झाली, पण बहुतेक घरांतून ते केव्हाच गेलं होतं. जनुक जगाला माहीत आणि बी गावात नाही!

आम्ही जुन्या कोडचा बॅकअप घेतो आणि विसरून जातो. घरात ठेवलेलं बी मात्र काही वर्षांत उगवेनासं होतं. ते पेरतच राहावं लागतं. कमी पिकणाऱ्या जातीसाठी एवढी जमीन कोणी अडकवायची? एकट्या शेतकऱ्याने? मला तरी ते पटत नाही.