हिमनद्यांची प्रगती-परागती आणि तापमानबदल : आल्प्स पर्वतातील पुराव्यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
जागतिक तापमानाच्या विश्वसनीय उपकरणीय नोंदी साधारणतः एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच उपलब्ध आहेत. तत्पूर्वीचे हवामान जाणून घेण्यासाठी अभ्यासकाला अप्रत्यक्ष साधनांचा आश्रय घ्यावा लागतो. वृक्षांची वार्षिक वलये, द्राक्षतोडणीच्या तारखा आणि हिमनद्यांच्या टोकांची स्थिती ही त्यांपैकी महत्त्वाची साधने होत. हिमनद्या पूर्वीही पुढे सरकत व मागे हटत असत. मग आजच्या परागतीत वेगळे ते काय, असा प्रश्न वारंवार उपस्थित केला जातो. या प्रश्नाचे उत्तर केवळ भूगोलात नव्हे, तर पुराव्यांच्या चिकित्सेत शोधावे लागते. प्रस्तुत लेखात आल्प्समधील नोंदींच्या आधारे हिमनदी ही तापमानाची कितपत विश्वासार्ह साक्षीदार आहे, याचा विचार केला आहे.

हिमनदी आणि तापमान यांचा संबंध :
हिमनदीचे दोन भाग असतात. वरच्या संचयन क्षेत्रात हिवाळ्यातील बर्फ साठतो व दाबाखाली घट्ट होऊन खाली सरकतो. खालच्या भागात तो उन्हाळ्यात वितळतो. या दोहोंमधील समतोलरेषा उन्हाळ्याच्या तापमानानुसार वरखाली होते. उंचीनुसार तापमान दर किलोमीटरला सुमारे ६.५ अंश सेल्सिअसने घटते. म्हणजेच उन्हाळ्याचे तापमान १ अंशाने वाढल्यास ही रेषा साधारण १५० मीटर वर सरकते. तथापि हिमवृष्टीचे प्रमाण, उतार व हिमनदीचा आकार यांचाही परिणाम होतो. शिवाय हिमनदीचे टोक तापमानातील बदलाला तत्काळ प्रतिसाद देत नाही. लहान व तीव्र उताराची हिमनदी काही वर्षांत प्रतिसाद देते, तर आलेचसारख्या विशाल हिमनदीला अनेक दशके लागतात. तात्पर्य, हिमनदीची साक्ष खरी असली तरी ती विलंबाने मिळते.

लघु हिमयुगातील नोंदी :
सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून आल्प्समधील हिमनद्या वेगाने पुढे आल्या. सुमारे १६०० ते १६१० या काळात शामोनीच्या खोऱ्यातील शेते व वस्त्या बर्फाने गिळल्याच्या नोंदी आढळतात. महसुलात सूट मिळावी म्हणून ग्रामस्थांनी केलेल्या तक्रारींमुळे हा तपशील टिकून राहिला. १६४४ मध्ये सहायक बिशप शार्ल द साल यांनी सुमारे ३०० लोकांसह मिरवणुकीने जाऊन हिमनदी मागे हटावी यासाठी प्रार्थना केली. स्वित्झर्लंडमधील फीश येथील रहिवाशांनी १६७८ मध्ये आलेच हिमनदीच्या वाढीपासून संरक्षण मिळावे म्हणून सदाचरणाचा नवस केला. पुढे हीच हिमनदी इतकी आक्रसली की प्रार्थनेचा आशय उलट करण्याची अनुमती गावकऱ्यांनी मागितली आणि २०१० मध्ये व्हॅटिकनने तीस संमती दिली. एकाच गावाच्या श्रद्धाव्यवहारात हवामानाचे दोन कालखंड असे नोंदले गेले आहेत.

या साधनांचे मूल्यमापन करताना त्यांचा हेतू लक्षात घेणे आवश्यक आहे. करमाफीच्या अर्जात हानी वाढवून सांगितली जाण्याची शक्यता असते. म्हणूनच लेखी नोंदी, कास्पर वोल्फसारख्या चित्रकारांनी १७७० च्या दशकात काढलेली चित्रे आणि हिमोढांची प्रत्यक्ष स्थिती यांची परस्पर पडताळणी करावी लागते. एमान्युएल ल रॉय लादुरी यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हवामानाच्या इतिहासावरील ग्रंथात अशा साधनांचा पद्धतशीर उपयोग केला. दुष्काळ वा स्थलांतर यांचे कारण म्हणून हवामानाकडे धाव घेण्यापूर्वी हवामानाचा इतिहास स्वतंत्रपणे सिद्ध करावा, हा त्यांचा आग्रह आजही मार्गदर्शक ठरतो.

आपत्तीतून शास्त्राकडे :
१८१५ मध्ये तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला व १८१६ चा उन्हाळा युरोपात असाधारण थंड गेला. या काळात जिएत्रो हिमनदीच्या कोसळलेल्या बर्फाने बान्य खोऱ्यातील नदी अडली व मोठे सरोवर तयार झाले. अभियंता इग्नाझ वेनेट्झ यांनी बर्फातून बोगदा खोदून पाण्याचा काही भाग वाहू दिला. तरीही १६ जून १८१८ रोजी बांध फुटून सुमारे ४० जणांचा बळी गेला. याच वेनेट्झ यांनी दूरवर पडलेल्या हिमोढांवरून प्राचीन हिमनद्या फार विस्तीर्ण असल्याचे अनुमान काढले. त्यांचा १८२१ चा निबंध १८३३ मध्ये छापला गेला. ज्याँ द शार्पेंतिए व लुई आगासीझ यांनी हा विचार पुढे नेला आणि १८४० मध्ये आगासीझ यांच्या ग्रंथाने हिमयुगाची संकल्पना सर्वत्र पोहोचवली. १८९४ मध्ये झुरिच येथे आंतरराष्ट्रीय हिमनदी आयोग स्थापन होऊन नियमित मोजमापास चालना मिळाली.

परागतीची कारणमीमांसा :
आल्प्समधील हिमनद्या १८५० ते १८६० च्या सुमारास कमाल विस्तारास पोहोचल्या व नंतर मागे हटू लागल्या. त्यावेळी औद्योगिक उत्सर्जन अल्प होते. औद्योगिक काजळी बर्फावर साचल्याने वितळण्यास आरंभ झाला असावा, असे मत २०१३ मध्ये मांडले गेले. परंतु त्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ही परागतीही अखंड नव्हती. १९२० च्या आसपास आणि १९७० ते १९८० च्या दशकांत अनेक हिमनद्या पुन्हा पुढे सरकल्या.

योहानेस ऊर्लेमान्स यांनी २००५ मध्ये जगभरातील १६९ हिमनद्यांच्या लांबीच्या नोंदींवरून तापमानाचा आलेख तयार केला. तो उपकरणीय नोंदींशी जुळतो, ही बाब निर्णायक आहे. २०१४ मध्ये बेन मार्त्सायोन व सहकाऱ्यांनी काढलेल्या अंदाजानुसार १८५१ ते २०१० या काळातील हिमऱ्हासात मानवी वाटा सुमारे २५ टक्के होता, तर १९९१ ते २०१० या काळात तो सुमारे ६९ टक्के झाला. म्हणजे प्रारंभीची परागती बव्हंशी नैसर्गिक असली, तरी अलीकडची तशी नाही. २०२२ व २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांनी आपले सुमारे १० टक्के घनफळ गमावले.

भारतीय संदर्भ :
हिमालयाबाबत मात्र अशा दीर्घ नोंदी विरळ आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जॉन ऑडेन यांनी १९३५ मध्ये गंगोत्री हिमनदीच्या टोकाचा नकाशा तयार केला. पुढील मोजमापांना तो आधारभूत ठरला. काराकोरममधील काही हिमनद्या स्थिर राहिल्या वा वाढल्या, हेही नोंदले गेले आहे. २०३५ पर्यंत हिमालयातील हिमनद्या नष्ट होण्याची शक्यता वर्तविणारे २००७ च्या आंतरशासकीय हवामान अहवालातील विधान पुराव्याअभावी २०१० मध्ये मागे घ्यावे लागले. अतिशयोक्तीने सत्य बळकट होत नाही, उलट संशयाला वाव मिळतो, हाच बोध यातून मिळतो.

निष्कर्ष :
१. एकाच हिमनदीच्या हालचालीवरून जागतिक तापमानाविषयी अनुमान काढणे अशास्त्रीय ठरते.
२. स्वतंत्र प्रदेशांतील अनेक हिमनद्या एकाच दिशेने बदलतात, तेव्हा त्यांची साक्ष विश्वासार्ह ठरते.
३. भूतकाळातील नैसर्गिक चढउतार वर्तमानातील मानवी कारण नाकारत नाहीत. प्रत्येक कालखंडाची कारणे स्वतंत्रपणे तपासावी लागतात.
४. अर्ज, नवस, चित्रे व नकाशे ही साधने इतिहासकाराच्या कक्षेतील असल्याने हवामान-अभ्यासात इतिहास विषयाचा सहभाग अपरिहार्य आहे. महाविद्यालयीन स्तरावर इतिहास व भूगोल विभागांनी असे अभ्यास संयुक्तपणे हाती घेणे उचित ठरेल.