झग्याच्या आत

नाटकातील पोषाखांची वाहवा होते ती वरच्या रेशमाची. शिंप्याची परीक्षा मात्र जे प्रेक्षकांस दिसत नाही त्यात असते. २९ मार्च १९५१ रोजी न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलेले ‘द किंग अँड आय’ हे संगीत नाटक पाहा. सयामचा राजा मोंगकूट याच्या मुलांना शिकविण्यासाठी १८६२ साली बँकॉकला गेलेल्या ॲना लिओनोवेन्सची ही कथा. पोषाखांची योजना आयरीन शराफ यांची होती.

१८६२ हे साल शिवणाऱ्याला अवघडच. १८५६ च्या सुमारास युरोपात पोलादी कड्यांचा क्रिनोलीन निघाला. कमरपट्ट्यापासून लोंबणाऱ्या फितींवर खाली मोठ्या होत जाणाऱ्या या कड्या बसवीत. त्यापूर्वी तेवढ्याच घेरासाठी परकरांवर परकर चढवावे लागत; त्या मानाने हा पिंजरा हलका. असा वेष रंगभूमीसाठी करावयाचा तर काम आतून बाहेर चालते. अंगालगत सुती शेमीज, म्हणजे घाम तीत मुरतो व ती धुता येते. तीवर कॉर्सेट, मग पिंजरा, कड्या वर उमटू नयेत म्हणून परकर आणि शेवटी झगा. झग्याचे माप कॉर्सेट आवळल्यावरच घ्यावयाचे, नाहीतर सारी बेतणी फुकट. गाणाऱ्या नटीचे कॉर्सेट ती छाती भरून श्वास घेत असता बेतावे लागते. पिंजरा तर तालमीतच द्यावा लागतो. बसताना मागच्या कड्या उचलल्या नाहीत तर पुढचा घेर उसळून वर येतो.

या नाटकात अंतर्वस्त्रांना जणू भूमिकाच आहे. ॲनाचा देहच झग्याएवढा रुंद असावा, असे राण्यांना प्रथम वाटते. पुढे इंग्रज वकील येणार म्हणून राण्यांना घाईघाईने क्रिनोलीन चढविले जाते. आतले कपडे शिवण्यास मात्र सवड उरत नाही. पाहुण्याने एकडोळी चष्मा लावताच त्या घाबरून घेर डोक्यावर घेऊन पळतात. प्रेक्षक हसतात, परंतु ही फजिती सयामी वेषाची नव्हे, उसन्या वेषाची आहे. आपल्या नेसूच्या वस्त्रात त्या स्त्रिया नीटच वावरत होत्या.

आणि ॲना? आपला जन्म वेल्समधील कार्नार्व्हनचा, असे ती जन्मभर सांगत राहिली. वस्तुतः ती १८३१ साली अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) जन्मली. बाप कंपनीच्या फौजेतला सार्जंट, लग्न १८४९ साली पुण्यास. आईच्या अंगी हिंदी रक्त असावे, असाही तर्क आहे. परगावी पहिल्याच भेटीत ‘आपला जिल्हा कोणता?’ असे विचारणाऱ्या आपणां मंडळींस हे लपविणे विलक्षण वाटेल. पण इंग्रज बाई म्हणून मिळणारी नोकरी नगरच्या सार्जंटाच्या पोरीला मिळाली असती काय? डब्ल्यू. एस. ब्रिस्टो यांनी हे सारे १९७० नंतरच्या दशकात उजेडात आणले. १९५१ च्या नाटककारांना त्याची वार्ता नव्हती. त्यांची ॲना अस्सल इंग्रज बाईच राहिली.