माध्यमिक शाळेचा अभ्यासक्रम, सहशालेय उपक्रम आणि शेतीचे वर्ष : कर्जत-खालापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

आपल्याकडे माध्यमिक शाळेचा इतिहास बहुधा संस्थेच्या स्थापनेपासून सुरू होतो आणि शालान्त परीक्षेच्या निकालापाशी येऊन थांबतो. स्नेहसंमेलन, क्रीडा सप्ताह, हस्तलिखित, सहल, कवायत, विज्ञान प्रदर्शन यांचा उल्लेख सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत छायाचित्रांपुरता येतो. वस्तुतः शाळा सोडून अनेक वर्षे लोटल्यावर माजी विद्यार्थी ज्या आठवणी सांगतात त्यांतील फार मोठा भाग याच उपक्रमांचा असतो. इतिहासाच्या अभ्यासकाने या विसंगतीकडे दुर्लक्ष करणे योग्य नाही.

प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांच्या संदर्भात दोन प्रश्नांचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. 'अभ्यासक्रम' आणि 'अभ्यासेतर' अशी विभागणी कशी निर्माण झाली, हा पहिला प्रश्न होय. या विभागणीचा भार येथील कोणत्या मुलांवर पडला, हा दुसरा प्रश्न होय. विवेचनासाठी शैक्षणिक आयोगांच्या शिफारशी, शासकीय धोरणे आणि परिसराची सामाजिक-आर्थिक रचना यांचा आधार घेतला आहे.

परीक्षेने आखलेली सीमारेषा

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली आणि १८५९ मध्ये पहिली प्रवेश परीक्षा झाली. त्यानंतर हायस्कुलाचे प्रयोजन ठरविण्याचे काम शाळेपेक्षा परीक्षेनेच केले. परीक्षेला असलेला विषय तो अभ्यास आणि परीक्षेला नसलेले ते सर्व अवांतर, अशी समजूत रूढ झाली. १८८२ च्या हंटर आयोगाला या एकांगीपणाची जाणीव होती. विद्यापीठाकडे नेणाऱ्या शिक्षणाबरोबरच व्यवहारोपयोगी शिक्षणाची स्वतंत्र शाखा असावी, तसेच देशी खेळ व कवायत यांना उत्तेजन द्यावे, असे आयोगाने सुचविले. तथापि पालकांचा ओढा नोकरीकडे नेणाऱ्या परीक्षेकडेच राहिला.

याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या गॅझेटियरमध्ये कर्जतचे वर्णन ठाणे जिल्ह्यातील तालुका म्हणून आढळते. पुढे तो कुलाबा जिल्ह्यात समाविष्ट झाला आणि कुलाब्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले. रेल्वे या भागात फार लवकर आली होती. १८५६ मध्ये ती खोपोलीपर्यंत पोहोचली आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग खुला झाला. १९१५ मध्ये खोपोली येथे टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. अशा रीतीने आधुनिकतेची साधने येथे आली खरी, परंतु ती प्रामुख्याने मुंबईच्या गरजेसाठी आली. डोंगरउतारावरील ठाकूर व कातकरी वाड्यांपर्यंत त्यांचा लाभ पोहोचला नाही.

शारीरिक शिक्षणाच्या बाबतीत एक महत्त्वाचा प्रयत्न या परिसराच्या शेजारीच आकाराला आला. घाटमाथ्यावर लोणावळ्याला स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले होते. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आल्यावर शारीरिक शिक्षणाच्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे देण्यात आले. शारीरिक शिक्षणाला वेळापत्रकात हक्काचा तास मिळण्याच्या वाटचालीतील हा एक महत्त्वाचा टप्पा होय.

भाई कोतवालांच्या शाळा : एक वेगळी धारा

याच काळात कर्जत तालुक्यात शिक्षणाची एक निराळी कल्पना कृतीत उतरत होती. माथेरान येथे १ डिसेंबर १९१२ रोजी जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल हे व्यवसायाने वकील होते. शेतकरी व आदिवासी यांच्या मुलांसाठी त्यांनी खेडोपाडी ऐच्छिक शाळा चालविल्या. सावकारी पाशातून कुळांची सुटका व्हावी म्हणून धान्यकोठ्या काढल्या. शाळा आणि धान्यकोठी ही त्यांच्या दृष्टीने एकाच कार्याची दोन अंगे होती. आषाढात घरातील धान्य संपले की मूल शाळेत येत नाही, हे या रचनेमागील साधे परंतु मर्मग्राही निरीक्षण होते असे म्हणता येईल.

१९४२ च्या आंदोलनात कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगड येथे ते व हिराजी पाटील हुतात्मे झाले. त्यांच्या क्रांतिकार्याचे स्मरण दरवर्षी होते आणि ते उचितच आहे. त्यांच्या शैक्षणिक विचाराची नोंद मात्र त्या मानाने अल्प प्रमाणात घेतली जाते. मुलाच्या घरचे अर्थकारण हा शाळेच्या बाहेरचा विषय नव्हे, हा त्या विचाराचा गाभा होता.

आयोग, मंडळ आणि वेळापत्रक

स्वातंत्र्योत्तर काळात १९४९ पासून विद्यापीठाच्या मॅट्रिकऐवजी एस.एस.सी. परीक्षा सुरू झाली. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळांची कल्पना मांडली, सात अभ्यासगट सुचविले आणि सहशालेय उपक्रम हे शिक्षणाचे अविभाज्य अंग मानले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव व समाजसेवेचा आग्रह धरला. १९६६ मध्ये राज्य मंडळ अस्तित्वात आले आणि नव्या आकृतिबंधानुसार दहावीची पहिली शालान्त परीक्षा मार्च १९७५ मध्ये झाली. राष्ट्रीय छात्रसेना, स्काऊट-गाईड, चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षा, कार्यानुभवाचा तास यांमुळे शाळेच्या वर्षाला विविधता लाभली.

कर्जतचे अभिनव ज्ञान मंदिर, खोपोलीचे जनता विद्यालय यांसारख्या शाळांकडे आसपासच्या अनेक गावांतील मुले येऊ लागली. मोठ्या पटसंख्येच्या शाळेला स्वतंत्र क्रीडाशिक्षक व कलाशिक्षक ठेवणे, प्रयोगशाळा चालविणे तुलनेने शक्य होते. लहान शाळेला ते सहसा परवडत नाही. म्हणजेच उपक्रमांची समृद्धी मोठ्या गावात एकवटली आणि ती मिळविण्यासाठी मुलाला तेथपर्यंत जावे लागले. कर्जत-खोपोली मार्गावरील पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी या स्थानकांवरून येणाऱ्या मुलाच्या दृष्टीने शाळेची घंटा आणि गाडीची वेळ यांना सारखेच महत्त्व आहे. शेवटच्या तासानंतर होणारा नाटकाचा सराव त्याला करावयाचा असेल तर गाडी सोडावी लागते. वाडीवरच्या मुलापुढे गाडीचाही पर्याय नसतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळून उद्ध्वस्त झालेली खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी ही डोंगरावरील वस्ती होती. तेथे वाहन जात नव्हते. बचावपथकांनाही पायवाटेनेच चढावे लागले. तीच वाट तेथील मुलांची रोजची वाट होती.

शाळेचे वर्ष आणि शेतीचे वर्ष

या परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. शाळा जूनमध्ये उघडते तेव्हा मैदानावर चिखल असतो आणि शेतात भातलावणीची घाई असते. दिवाळीच्या आगेमागे कापणी व झोडणी चालते. त्यामुळे शाळेचा स्वतःचा क्रीडा सप्ताह, सहल, विज्ञान प्रदर्शन आणि स्नेहसंमेलन हे बहुतांश उपक्रम दिवाळीनंतरच्या दोन-तीन महिन्यांत येतात. त्यानंतर परीक्षेची तयारी सुरू होते.

नेमक्या याच काळात कातकरी कुटुंबे गाव सोडतात. कात पाडण्याचा पूर्वापार व्यवसाय वनकायद्यांमुळे हातचा गेल्यावर हा समाज कोळसाभट्टी, वीटभट्टी व शेतमजुरी यांवर अवलंबून राहिला. दिवाळीनंतर उचल घेऊन भट्टीवर जायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे, हे त्यांच्या वर्षाचे चक्र होय. मुलेही बरोबर जातात. महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी कातकरी ही एक आहे.

यातून निघणारा निष्कर्ष प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने मध्यवर्ती आहे. ज्या मुलाला शाळा केवळ जून ते ऑक्टोबर भेटते, त्याला तिचे फळा, पाठांतर आणि चाचणी एवढेच रूप दिसते. ज्या महिन्यांत शाळा आनंदाची होते, ज्यांत चपळ पायांना आणि गोड गळ्याला सर्वांसमोर मान मिळतो, त्या महिन्यांत तो वीटभट्टीवर असतो. गळतीची कारणे सांगताना दारिद्र्य आणि पालकांची अनास्था यांचा उल्लेख नेहमी केला जातो. शाळेची ओढ निर्माण करणारा काळच त्याच्या वाट्याला आला नाही, ही गोष्ट क्वचितच विचारात घेतली जाते. सहशालेय उपक्रमांचे दार त्याला कोणत्याही नियमाने बंद केलेले नव्हते. ते दिनदर्शिकेने बंद केले होते.

यावर उपाय शोधले गेले नाहीत असे नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे कार्य सुरू केले. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालली. ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालविल्या. शासनानेही हंगामी वसतिगृहांची योजना आखली. परंतु हे प्रयत्न मुख्यतः बालवाडी व प्राथमिक स्तरावरील आहेत. माध्यमिक शाळेचे वर्ष मात्र होते तसेच राहिले.

उपक्रमाचे गुणांत रूपांतर

अलीकडील काळात 'अभ्यासेतर' हा भेद मिटविण्याची भाषा अधिक ठळक झाली आहे. शिक्षण हक्क कायद्यानंतर २०१० पासून आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम व अभ्यासेतर उपक्रम यांत कठोर विभागणी नसावी असे म्हटले. दहावीच्या निकालात क्रीडा व कला यांसाठी वाढीव गुणांची तरतूद आहे. हेतू चांगला असला तरी यातील धोका लक्षात घ्यावा लागेल. उपक्रमाला गुण जोडले की तो पुन्हा परीक्षेच्याच चौकटीत जातो. शिवाय प्रमाणपत्र त्यालाच मिळते ज्याला सरावाला थांबता येते. जो थांबू शकत नाही तो पूर्वी आनंदाला मुकत होता, आता गुणांनाही मुकतो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, १८८२ पासून जवळजवळ प्रत्येक आयोगाने सहशालेय उपक्रमांचे महत्त्व मान्य केले. ते कोणत्या महिन्यात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी घ्यावेत, या प्रश्नाकडे मात्र धोरणकर्त्यांचे पुरेसे लक्ष गेले नाही. कर्जत-खालापूरसारख्या परिसरात हाच प्रश्न निर्णायक आहे. स्नेहसंमेलनाचा व बंदिस्त जागेत घेता येण्याजोग्या खेळांचा काही भाग सप्टेंबरमध्ये आणणे आणि सराव शालेय वेळेतच घेणे, यासाठी फार मोठ्या निधीची आवश्यकता नाही.

अभ्यासकांसाठीही येथे एक काम आहे. शाळांचे जनरल रजिस्टर, जुने हजेरीपट, हस्तलिखिते आणि संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिका ही स्थानिक इतिहासाची अस्सल साधने आहेत. हजेरीपटावर दिवाळीनंतर कोणाच्या नावापुढे सलग गैरहजेरी लागते आणि त्याच वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेत कोणाची नावे आहेत, ही दोन कागदपत्रे शेजारी ठेवून पाहिली पाहिजेत. वाळवी, गळके छप्पर आणि रद्दीची विक्री यांमुळे असे दप्तर नाहीसे होण्याचा धोका सदैव असतो. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी परिसरातील शाळांशी संपर्क साधून त्याची सूची व छायाप्रती करून ठेवल्यास, आजवर छायाचित्रात न आलेल्या विद्यार्थ्यांचाही इतिहास लिहिणे शक्य होईल.