आधी पेशी, मग रिएजंट

ट्रान्सफेक्शन शिकायला आलेला विद्यार्थी हमखास विचारतो, सगळ्यांत चांगला रिएजंट कोणता? कोणत्या पेशीत काय पोचवायचे आहे, हे ठरल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. या पुस्तकातली प्रकरणे म्हणूनच पेशींच्या नावांनी लावली आहेत.

पेशी वाढवण्याची विद्या पुण्याला जुनी. १९६७ साली इथल्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे आजच्या एनआयव्हीत, के. आर. पी. सिंग यांनी एडिस अल्बोपिक्टस डासाच्या अळ्यांपासून सेल लाइन तयार केली. तिच्यातून पुढे निघालेल्या सी६/३६ या क्लोनमध्ये आजही जगभर डेंग्यूचे विषाणू वाढवतात. ही पेशी २८ अंशांना खूश असते. मानवी हेक २९३ला ३७ लागतात. एकीवर बसवलेली कृती दुसरीवर जशीच्या तशी चालेल, असे धरून चालू नये. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून देशभर सेल लाइन जातात; तिथून आणलेल्या प्रत्येक लाइनसाठी रिएजंटचे प्रमाण नव्याने बसवावे लागते.

डीएनए पेशीत नेण्यातली अडचण मुळात विद्युतभाराची. डीएनए ऋणभारित, पेशीचा पृष्ठभागही ऋणभारित. १९७३ मध्ये ग्रॅहम आणि व्हॅन डर एब यांनी डीएनए कॅल्शियम फॉस्फेटच्या बारीक कणांत बसवून आत नेला. १९८७ मध्ये फेल्गनर आणि सहकाऱ्यांनी धनभारित लिपिड आणले, १९९५ मध्ये पीईआय हे पॉलिमर आले. कॅल्शियम फॉस्फेट स्वस्त खरे, पण लहरी: बफरचा पीएच जरासा ढळला की कण जाड पडतात आणि मेहनत वाया जाते. हेक २९३साठी महागडे लिपिड घेणे मला उधळपट्टी वाटते. पीईआयवर काम भागते. मॅक्रोफेजचे उलट. परका डीएनए ओळखून त्याविरुद्ध उठणे हा त्यांचा धर्मच, तिथे रिएजंटवर पैसे ओतण्यापेक्षा इलेक्ट्रोपोरेशन किंवा विषाणू-वाहक बघावा. शिवाय प्लाझ्मिडला केंद्रकापर्यंत जावे लागते, एसआयआरएनएचे काम पेशीद्रवातच होते. विभाजन थांबलेल्या पेशींत हा फरक फार जाणवतो.

दुसऱ्या दिवशी फ्लोरेसन्स मायक्रोस्कोपखाली हिरव्या जीएफपीने उजळलेले शेत दिसले की हुरळून जायला होते. दिव्याचा फिल्टर काढून साध्या प्रकाशात तीच प्लेट पाहा. निम्म्या पेशी गोल होऊन मीडियममध्ये तरंगत असतील, तर तो रिएजंट तुमच्या कामाचा नाही, कॅटलॉगात टक्केवारी काहीही छापलेली असो. म्हणून नुसता रिएजंट घातलेली, डीएनए नसलेली एक वेल प्रत्येक प्लेटमध्ये ठेवाच. आणि मायकोप्लाझ्माची तपासणी आधी; बाधित पेशींवर रिएजंटांची तुलना करण्यात काही अर्थ नाही.

पहिले प्रकरण हेक २९३चे आहे. हात बसायला तीच बरी. या, फ्लास्क काढू या.