चोरीला गेलेला उत्प्रेरक आणि स्वस्त पर्यायाचा इतिहास

उर्दूत त्याला ‘अमल-अंगेज’ म्हणतात, मराठीत ‘उत्प्रेरक’. स्वतः न संपता इतरांत बदल घडवून आणणारा पदार्थ. मी भाषेचा शिक्षक, त्यामुळे आधी हा शब्द आवडला. ज्या यंत्रामुळे तो रस्त्यावर आला त्याचा इतिहास नंतर वाचला.

मोटारीच्या धुराच्या नळीत एक डबा असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आत प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा पातळ थर. त्यावरून जाताना धुरातले बरेचसे विष उतरते. फ्रेंच अभियंता युजीन हूद्री याने १९५० च्या दशकात अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले. पण तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसे असे आणि शिशाने उत्प्रेरक निकामी होई. १९७० मध्ये स्वच्छ हवेचा कडक कायदा झाला, शिसेविरहित पेट्रोल आले, तेव्हा कुठे १९७५ च्या मॉडेलपासून बहुतेक अमेरिकी गाड्यांत हा डबा बसू लागला.

कायद्याने हवा सुधारली, पण प्रत्येक गाडीखाली मौल्यवान धातूही टांगून ठेवला. २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव औंसाला २५ हजार डॉलरच्या वर गेला. चोर बॅटरीवरची करवत घेऊन गाडीखाली शिरत आणि काही मिनिटांत डबा कापून नेत. जुन्या टोयोटा प्रियसवर त्यांचा विशेष डोळा होता.

चोर गेला की मालकापुढे प्रश्न उरतो: कंपनीचा मूळ भाग घ्यायचा की बाहेरचा? मूळ भागाची किंमत बरेचदा हजार डॉलरच्या पुढे जाते. बाहेरचा काही शे डॉलरांत मिळतो, कारण त्यात महाग धातू सहसा कमी असतो. १९८६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशा भागांना काही अटींवर परवानगी दिली. मूळ भाग परवडला नाही तर लोक नुसती नळी जोडून गाडी चालवतील. त्यापेक्षा कमी ताकदीचा डबा बरा, असा तो हिशेब होता. म्हणून मूळ भागाची हमी ८ वर्षे किंवा ८० हजार मैल, तर बाहेरच्याच्या कामगिरीची अट फक्त २५ हजार मैलांची. कॅलिफोर्नियाला हे मान्य नव्हते. तिथे २००९ पासून नियम आणखी कडक झाले. राज्याचा मंजुरी क्रमांक कोरलेला आणि त्याच मॉडेलसाठी मंजूर झालेला भागच चालतो. साहजिकच तिथे बाहेरचा भागही महाग पडतो.

मला या हिशेबातली अडचण महत्त्वाची वाटते. डबा नसला तरी गाडी धावते, फक्त आवाज वाढतो. त्याचा फायदा चालवणाऱ्यापेक्षा मागे चालणाऱ्याला होतो, रस्त्यालगत झोपणाऱ्या मुलाला होतो. खर्च मात्र एकट्या मालकाच्या खिशातून जातो, आणि जुनी गाडी वापरणारा मालक सहसा श्रीमंत नसतो.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना हा डबा सक्तीचा झाला. आज त्या काळातल्या गाड्या संपत आल्या, पण त्यानंतरच्या कितीतरी जुन्या झाल्या आहेत. गॅरेजवाला ‘काढून टाकू, काही फरक पडत नाही’ म्हणाला, तर एवढेच विचारावे: फरक पडत नाही, पण कोणाला?